हक्क आणि वहिवाट : गेइम, पिजिन आणि मूळ संहितेची गोष्ट (#थ्रेड)

१/
ऑगस्ट २०२४ मध्ये 'पिजिन' या जुन्या संदेशप्रणालीच्या विकासकांनी एक अप्रिय निवेदन प्रसिद्ध केले. त्यांच्या संकेतस्थळावर इतरांनी बनवलेल्या प्लगइनांची एक यादी होती. त्या यादीतील एक प्लगइन वापरणाऱ्याने दाबलेली प्रत्येक कळ टिपून परक्या हाती देत होते. लोकांनी जी प्रणाली खासगीपणासाठी निवडली, तिच्याच दाराने हेर आत आला होता. हे कसे घडले, आणि ते ओळखण्याची खूण या प्रणालीच्या जन्मापासून तिच्याजवळच कशी होती, याविषयी हा थ्रेड. मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/
आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात दोन शब्द कायम जोडीने येतात : हक्क आणि वहिवाट. सातबाऱ्यावर नाव असणे वेगळे आणि शेतात नांगर चालणे वेगळे. वहिवाट सुटली की हक्क कागदावर उरतो आणि शेत दुसराच कसतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचेही तसेच आहे. परवाना आपल्याला हक्क देतो. मूळ संहिता घेऊन ती स्वतःच्या यंत्रावर बांधणे आणि बसवणे ही त्या हक्काची वहिवाट. पुढील सगळी हकिगत या एका भेदाभोवती फिरते.

३/
आधी दोन संज्ञा. 'सोर्स कोड' म्हणजे माणसाने लिहिलेली, माणसाला वाचता येणारी मूळ संहिता. संगणक ती जशीच्या तशी चालवत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्राम तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. त्या रूपांतराला 'बायनरी' म्हणतात. बायनरी चालते, पण सामान्यतः वाचता येत नाही. आपण फोनवर जे ॲप उतरवतो ते असेच तयार, रूपांतरित रूप असते. इतिहासाच्या भाषेत सांगायचे तर बायनरी म्हणजे 'दफ्तरात असे लिहिले आहे' हे कोणाचे तरी सांगणे, आणि सोर्स म्हणजे खुद्द दफ्तर.

४/
आता काळ पाहू. नोव्हेंबर १९९६ मध्ये मिराबिलिस या इस्रायली कंपनीने 'आयसीक्यू' आणले. मे १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, या कंपनीने 'एओएल इन्स्टंट मेसेंजर' आणला. पुढे तो 'एआयएम' या नावाने ओळखला गेला. जून १९९८ मध्ये एओएलने मिराबिलिसही विकत घेतली. त्याच सुमारास याहूने आपली सेवा सुरू केली आणि जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'एमएसएन मेसेंजर' आला. सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने याहूवर गप्पा मारलेल्या पिढीला हा काळ परका नाही.

५/
या सेवांमध्ये एक विचित्र गोष्ट होती. ई-मेल कोणत्याही सेवेवरून कोणत्याही सेवेकडे जात असे. संदेशसेवा मात्र तटबंदीची गावे होती. एआयएमवरचा माणूस याहूवरच्या माणसाशी बोलू शकत नसे. मित्र तीन ठिकाणी विखुरलेले असले तर तीन प्रोग्राम चालू ठेवणे भाग पडे. शिवाय कंपन्यांचे लक्ष प्रामुख्याने विंडोज आणि मॅक वापरणाऱ्यांकडे होते. लिनक्स वापरणारा वेशीबाहेरच उभा राही.

६/
१९९८ सालच्या अखेरीस अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या मार्क स्पेन्सर या विद्यार्थ्याने लिनक्ससाठी एक छोटा प्रोग्राम प्रसिद्ध केला. खिडक्या, बटणे रेखाटण्यासाठी त्याने 'जीटीके' ही मुक्त लायब्ररी वापरली, म्हणून नाव पडले 'जीटीके अधिक एओएल इन्स्टंट मेसेंजर'. कंपनीने नावाला हरकत घेतली, तेव्हा आद्याक्षरे जुळवून 'गेइम' हे नाव आले. याच स्पेन्सरने पुढे 'ॲस्टेरिस्क' ही मुक्तस्रोत दूरध्वनी यंत्रणा उभी केली आणि गेइमची धुरा इतरांकडे गेली.

७/
गेइमने 'जीपीएल' हा परवाना स्वीकारला. या परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एक तरतूद आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बदल करण्यासाठी सर्वांत सोयीचे जे रूप, ते म्हणजे सोर्स कोड, अशी व्याख्या तेथे केलेली आहे. आणि 'संपूर्ण' सोर्स कोडमध्ये तो कंपाइल करण्याच्या व बसवण्याच्या लिपींचाही समावेश होतो, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे नुसती संहिता देऊन भागत नाही. बांधण्याची रीतही द्यावी लागते. हक्काच्या कागदातच वहिवाटीची वाट आखलेली आहे.

८/
बाहेर मात्र युद्ध पेटले होते. एमएसएन मेसेंजर आला तेव्हा तो एआयएमच्या सर्व्हरशीही जोडला जाई. एओएलने तो अडवला. मायक्रोसॉफ्टने आपला प्रोग्राम सुधारून पुन्हा जोडला. एओएलने पुन्हा अडवला. १९९९ च्या उन्हाळ्यात हा खेळ कित्येक आठवडे चालला. शेवटी एओएलने आपल्याच प्रोग्राममधील एका सुरक्षादोषाचा उपयोग करून 'समोरचा अस्सल एआयएम आहे की तोतया' हे ओळखण्याची युक्ती काढली. मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

९/
प्रकरण सरकारपर्यंत गेले. जानेवारी २००१ मध्ये एओएल आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणास मान्यता देताना अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने अट घातली : चित्रसंवादासारख्या प्रगत संदेशसेवा आणायच्या असतील, तर आधी स्पर्धकांशी जोडणी खुली करा. ऑगस्ट २००३ मध्ये आयोगाने ती अट काढून टाकली. दरम्यान तटबंदी उघडली नव्हती. दोन बलाढ्य कंपन्यांना आणि एका नियामकाला जे साधले नाही, ते मूठभर स्वयंसेवक मात्र रोज करत होते.

१०/
कसे करत होते? एओएलचे दोन प्रोटोकॉल होते. 'टीओसी' हा मर्यादित पण जाहीर. गेइमचा आरंभ त्यावर झाला. 'ऑस्कर' हा पूर्ण क्षमतेचा पण गुप्त. गेइमच्या आणि इतर प्रकल्पांच्या विकासकांनी तारेवरून जाणारी माहिती तपासून ऑस्करची रचना उलगडली. पुढे याहू आणि एमएसएनची भर पडली. मोडी न शिकलेल्याने शेकडो पत्रे समोर ठेवून लिपी लावावी, तसे हे काम. एका खिडकीत सगळी गावे दिसू लागली.

११/
पण गुप्त प्रोटोकॉल मालकाच्या मर्जीने बदलतो. २००४ साली याहूने बदल केले आणि बाहेरचे प्रोग्राम तुटले. जुलै २००८ च्या आरंभी आयसीक्यूने जुन्या प्रोग्रामांना दार बंद केले. त्याच वेळी २.४.३ ही आवृत्ती दुरुस्तीसह आली. जून २००९ मध्ये याहूने पुन्हा तेच केले, तेव्हा २.५.७ आली. लिनक्सच्या वितरणांत, म्हणजे उबंटू किंवा डेबियनसारख्या संचांत, नवी आवृत्ती पोहोचायला वेळ लागे. मूळ संहिता मात्र त्याच दिवशी हाती येई. ज्याला ती बांधता येई, त्याचा संवाद लगेच पूर्ववत होई. इतरांना वाट पाहावी लागे. घरी बांधण्याची गरज अनेकांना पहिल्यांदा अशा दिवशी कळली.

१२/
तर बांधणी कशी होई ते पाहू. मूळ संहिता एका गठ्ठ्यात येते. त्याला 'टारबॉल' म्हणतात. 'टार' हे चुंबकीय फितीवर दफ्तर ठेवण्याच्या काळातले नाव आहे. गठ्ठा उतरवायचा, सोबतची डिजिटल स्वाक्षरी तपासायची आणि तो सोडायचा. मग तीन आज्ञा : 'कॉन्फिगर', 'मेक' आणि 'मेक इन्स्टॉल'. एका संपूर्ण पिढीने या तीन आज्ञा मंत्रासारख्या म्हटल्या. पण त्या मंत्रालाही इतिहास आहे.

१३/
'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत लिहिले. त्यांचा एक सहकारी सकाळभर एक चूक शोधत बसला होता. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती; फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे आणि काय बदलले म्हणजे काय पुन्हा बांधावे, याची नोंद यंत्रानेच ठेवावी, ही कल्पना त्यातून आली. सुमारे अर्धशतकानंतरही ते साधन वापरात आहे.

१४/
'कॉन्फिगर'ची कथा १९९१ ची. युनिक्सचे तेव्हा अनेक पंथ झाले होते. एकावर चालणारी संहिता दुसऱ्यावर अडे. डेव्हिड मॅकेंझी यांनी 'ऑटोकॉन्फ' रचले. ते 'कॉन्फिगर' नावाची एक लिपी तयार करते. ही लिपी आपल्या यंत्राला प्रश्न विचारत जाते : कंपायलर आहे का? अमुक लायब्ररी आहे का? तमुक सुविधा चालते का? उत्तरांवरून ती 'मेक'साठी आराखडा लिहिते. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकते ती याच प्रश्नोत्तरांची.

१५/
नवख्याची पहिली ठेच येथेच लागे. पिजिनच्या दुसऱ्या पिढीला जीटीकेची दुसरी आवृत्ती, 'ग्लिब' आणि 'लिबएक्सएमएल' या लायब्रऱ्या लागत. सुरक्षित जोडणीसाठी 'ग्नूटीएलएस' किंवा 'एनएसएस'. त्या नुसत्या यंत्रावर असून भागत नसे. कंपायलरला त्यांच्या 'हेडर' फाइली लागतात आणि वितरणे त्या 'डेव्ह' किंवा 'डेव्हेल' असे शेपूट असलेल्या वेगळ्या पॅकेजात ठेवतात. 'लायब्ररी आहे तरी सापडत नाही कशी?' या कोड्याचे उत्तर बहुधा हेच असे.

१६/
पिजिनच्या विकासकांचा एक निर्णय येथे लक्षणीय आहे. शुद्धलेखन तपासणी किंवा ध्वनिचित्र संवाद यांसारख्या ऐच्छिक सुविधांची लायब्ररी सापडली नाही, तर बरेच प्रकल्प ती सुविधा गुपचूप वगळून पुढे जातात. पिजिनची कॉन्फिगर लिपी तेथेच थांबे आणि सांगे : ही सुविधा नको असेल तर तसे स्पष्ट लिहा. 'डिसेबल-जीटीकेस्पेल', 'डिसेबल-व्हीव्ही' असे शब्द आज्ञेला जोडल्याशिवाय गाडी हलत नसे. अनेक जण वैतागत. परंतु आपण काय बांधतो आहोत आणि काय सोडतो आहोत, हे बांधणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्यामागील आग्रह मोलाचा होता.

१७/
मग 'मेक'. या टप्प्यावर संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर होते, आणि आणखी एक गोष्ट घडते. संहितेत 'पीओ' नावाचा एक फोल्डर असतो; त्यात प्रत्येक भाषेची अनुवादाची फाइल असते. त्यांत मराठीचीही आहे. बांधणीच्या वेळी या फाइलींचे यंत्राला वापरता येईल असे रूप तयार होते आणि मेनूतील शब्द मराठीत दिसू लागतात. यासाठी कोणत्याही कंपनीला मराठीची बाजारपेठ पटवून द्यावी लागली नाही. कोणी तरी बसून अनुवाद केला आणि तो मूळ संहितेत दाखल झाला.

१८/
शेवटी 'मेक इन्स्टॉल'. त्याला प्रशासकाचे अधिकार लागतात, कारण फाइली 'यूएसआर-लोकल' या सामायिक जागी जातात. ही जागा मुद्दाम वेगळी असते : वितरणाने दिलेले एकीकडे, आपण बांधलेले दुसरीकडे. अनेकदा प्रोग्राम सुरू करताच 'लिबपर्पल सापडत नाही' असा संदेश येई. 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन नव्या लायब्रऱ्यांची नोंद ताजी केली की तो अडथळा दूर होई. बांधलेला फोल्डर जपून ठेवणेही शहाणपणाचे, कारण पुढे प्रोग्राम काढून टाकायचा झाल्यास 'मेक अनइन्स्टॉल' तेथूनच द्यावे लागते.

१९/
पुन्हा इतिहासाकडे. 'एआयएम' हे नाव एओएलने ट्रेडमार्क म्हणून नोंदवल्यावर 'गेइम'मधील अक्षरे तिला खुपू लागली. वाद वर्षानुवर्षे रेंगाळला. वाटाघाटी गुप्त असल्याने विकासकांना बोलता येईना आणि नवी स्थिर आवृत्तीही काढता येईना. ऑगस्ट २००५ मधील १.५.० नंतर जवळजवळ पावणेदोन वर्षे फक्त बीटा आवृत्त्या आल्या. पण संहिता उघडीच होती. ज्यांना हवे होते ते ती घेऊन बांधत होते. नाव वादात अडकले. काम अडकले नाही.

२०/
एप्रिल २००७ मध्ये तडजोड झाली आणि गेइमचे 'पिजिन' झाले. ३ मे २००७ रोजी २.०.० ही आवृत्ती आली. नावात श्लेष आहे. उच्चार 'पिजन'सारखा, म्हणजे संदेशवाहक कबुतराची आठवण. आणि भाषाशास्त्रात पिजिन म्हणजे दोन परभाषी समाजांनी व्यवहारापुरती घडवलेली मिश्रभाषा. अशा संपर्कातून पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या क्रिओल भाषाही घडतात. त्यासाठी दूर जायला नको : रायगड जिल्ह्यात कोर्लई येथे पोर्तुगीज आणि मराठीच्या संपर्कातून घडलेली क्रिओल आजही बोलली जाते. परस्परांशी न बोलणाऱ्या सेवांमध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या प्रोग्रामला याहून समर्पक नाव सापडणे कठीण.

२१/
याच वेळी प्रोग्रामचा गाभाही वेगळ्या नावाने ओळखला जाऊ लागला. 'प्रोटोकॉल प्लगइन' या शब्दांचे संक्षिप्त रूप संहितेत 'पीआरपीएल' असे लिहीत. त्यावरून लायब्ररीचे नाव झाले 'लिबपर्पल'. खिडक्यांविना, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर चालणारे रूप 'फिंच' झाले. मॅकवरील 'एडियम' हा वेगळाच प्रोग्राम याच गाभ्यावर उभा होता. मूळ संहिता उघडी असली की एका घराच्या पायावर शेजारी दुसरे घर उभे राहते, याचे हे उदाहरण.

२२/
२००८ साली वहिवाटीचा कस लागला. २.४.० आवृत्तीत मजकूर लिहिण्याचा चौकोन आपोआप लहानमोठा होऊ लागला. हाताने ओढून तो वाढवण्याची सोय गेली. शेकडो वापरकर्ते संतापले. विकासक बधेनात. तेव्हा काहींनी संहिता घेतली, हवा तो बदल केला आणि 'फनपिजिन' या नावाने वेगळी चूल मांडली. पुढे तिचे नाव 'कॅरियर' झाले. वाद क्षुल्लक होता, हे मान्य. पण बंदिस्त प्रोग्रामच्या वापरकर्त्याला अशा वेळी दोनच मार्ग उरतात : सोसणे किंवा सोडणे. येथे तिसरा मार्ग होता.

२३/
त्याहून मोठी देणगी २००४ ची. निकिता बोरिसोव्ह, इयान गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर यांनी 'ऑफ द रेकॉर्ड', म्हणजे 'ओटीआर', ही कूटपद्धती मांडली आणि गेइमसाठी प्लगइन बनवून ती प्रत्यक्षात आणली. संदेश मधल्या कंपनीलाही वाचता येणार नाही. आणि आजची किल्ली चोरीला गेली तरी कालचे संदेश उघडणार नाहीत. पुढे सिग्नलच्या कूटपद्धतीने यातील महत्त्वाची कल्पना घेतली, आणि एप्रिल २०१६ पासून तीच पद्धती व्हॉट्सॲपच्या सर्व वापरकर्त्यांसाठी लागू झाली. आपल्या आजच्या कुटुंबाच्या ग्रुपमागे या छोट्या प्लगइनचा वारसा आहे.

२४/
मग ती गावे कोठे गेली? जेरेमी मिलर यांनी जानेवारी १९९९ मध्ये 'जॅबर' हा खुला प्रोटोकॉल जाहीर केला. २००४ साली तो 'एक्सएमपीपी' या नावाने इंटरनेटचा मानक झाला. २००५ साली गुगल टॉकने तो स्वीकारला आणि तटबंदी संपणार असे वाटले. परंतु गुगलने आणि फेसबुकने पुढे खुली दारे मिटून घेतली. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, गुगल टॉकची उरलीसुरली जोडणी जून २०२२ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये बंद झाले. ज्या एओएलने नावावरून भांडण केले, तिची सेवा गेली. जिच्याशी भांडली ती संहिता आजही बांधता येते.

२५/
येथवर वाचून असे वाटेल की संहिता उघडी आणि आपल्या हाताने बांधलेली, म्हणजे सगळे सुरक्षित. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन यांनी १९८३ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या समजुतीला धक्का दिला. कंपायलरच बिघडवलेला असेल तर निर्दोष संहितेतूनही सदोष बायनरी निघू शकते, आणि कंपायलरची संहिता वाचूनही ते कळणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. दफ्तर अस्सल असले तरी ते वाचायचा चष्माच कोणी बदलला असेल तर?

२६/
मार्च २०२४ मध्ये ही भीती वेगळ्या रूपाने खरी ठरली. 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार निघाले. ते सुरू करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हता. तो केवळ टारबॉलमधील बांधणीच्या लिपींत, म्हणजे कॉन्फिगरच्या सामग्रीत, लपवलेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढाच प्रश्न पडला. त्याने तो तडीस नेला आणि सर्व काही उघड झाले.

२७/
या दोन घटनांतून उत्तर निघते ते 'बांधणी निरर्थक आहे' असे नव्हे, तर 'एकाने बांधून पुरत नाही' असे. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून 'पुनरुत्पाद्य बांधणी'चे काम चालू आहे : एकाच संहितेतून कोणीही, कोठेही बांधले तरी बायनरी अक्षरशः तीच निघाली पाहिजे. मग दिलेली बायनरी आणि बांधलेली बायनरी ताडून पाहता येते. सिग्नलने २०१६ पासून आपल्या अँड्रॉइड ॲपसाठी ही सोय दिली. एका कागदाच्या दोन स्वतंत्र नकला जुळल्या की मूळ मजकुराची खात्री वाढते, हे तत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्याला नवे नाही.

२८/
आता आरंभीच्या निवेदनाकडे. ते प्लगइन ओटीआरच्या साह्याने पडदा सामायिक करण्याचे आश्वासन देत होते. ६ जुलै २०२४ रोजी ते यादीत आले. १६ ऑगस्टला एका वापरकर्त्याने ते कळा टिपत असल्याचे कळवले आणि ते हटवले गेले. ईसेट या सुरक्षा कंपनीने तपासले तेव्हा ते 'डार्कगेट' हा घातक प्रोग्रामही उतरवू शकते, असे दिसले. खुद्द पिजिनच्या संहितेत दोष नव्हता. मग चूक कोठे झाली? विकासकांनीच सांगितले : त्या प्लगइनची फक्त बायनरी होती, मूळ संहिता दिलेलीच नव्हती, आणि हे कोणाच्या लक्षात आले नाही.

२९/
ज्या प्रकल्पाने बांधणाऱ्याला 'काय वगळतो आहेस ते लिही' असे बजावले, त्याच्याच यादीत संहितेशिवायची बायनरी सुमारे सहा आठवडे बसून राहिली. कारण बहुतेकांची वहिवाट सुटली होती. एकाने जरी ते प्लगइन मूळ संहितेतून बांधायचे ठरवले असते, तरी पहिल्याच पायरीवर संहिता नाही हे कळले असते. कोणताही कूटशास्त्रज्ञ लागला नसता. त्यानंतर पिजिनने नियम केला : मान्यताप्राप्त मुक्तस्रोत परवाना असलेल्या प्लगइनांचेच दुवे दिले जातील.

३०/
यावर रास्त आक्षेप असा की सामान्य माणसाने हे सगळे कधी करायचे? प्रत्येकाने करावे, असे मुळीच म्हणणे नाही. मोडी कागद वाचणारे थोडेच असतात. परंतु दफ्तर खुले असेल आणि ते थोडे जण खरोखर वाचत असतील, तर खोटा कागद पुढे करणाऱ्याला धाक राहतो. संहितेचेही तेच. वितरणांचे स्वयंसेवक लाखो लोकांच्या वतीने ती बांधत असतात. त्यांची संख्या घटली, की परवाना तोच राहूनही राखण संपते.

३१/
म्हणून एखाद्या ॲपविषयी 'हे ओपन सोर्स आहे, चिंता नको' असे कोणी सांगितले, तर तीन प्रश्न विचारावेत. संहिता खरोखर कोठे आहे? लेखकाव्यतिरिक्त कोणी ती बांधून पाहिली आहे का? आणि जे आपल्याला दिले जाते ते त्या बांधणीशी जुळते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर हक्क सांगते. उरलेल्या दोहोंचे वहिवाट. आणि वर्षातून एकदा, एखाद्या मोकळ्या रविवारी, एखादा लहानसा प्रोग्राम मूळ संहितेतून बांधून पाहावा. अडेल, चिडवेल, पण बांधावरून एक चक्कर होईल.

दुरुस्त्या किंवा भर असल्यास खाली अवश्य लिहावे. थ्रेड उपयुक्त वाटल्यास इतरांपर्यंत पोहोचवावा. लेखनसीमा.